राणीच्या तोंडचं वाक्य

मी श्रीधरबुवांच्या कीर्तनात मृदंग वाजवतो. बुवांच्या पाठीशी उभं राहणाऱ्याला श्रोत्यांचे चेहरे बुवांइतकेच दिसतात, आणि बोलायचं नसल्यामुळे जरा जास्तच नीट दिसतात.

बुवा संगमावरच्या एका गोऱ्या साहेबाला मराठी शिकवायला जात. त्याने त्यांना आपल्या मुलखातल्या एका जुन्या नाटकाची गोष्ट सांगितली. एका सरदाराची बायको नवऱ्याला डिवचून डिवचून घरी पाहुणा आलेल्या राजाचा खून करायला लावते, राणी होते आणि मग दोघांचंही वाटोळं होतं. बुवांनी नावं बदलून त्यावर दोन दिवसांचं आख्यान रचलं. नारायण पेठेतल्या देवळाचे कारभारी आप्पासाहेब यांनी शब्द दिला होता की, आख्यान रंगलं तर दरवर्षीचा चातुर्मास बुवांचा. त्या एका शब्दासाठी बुवांच्या बायकोने, मथुराबाईंनी, आप्पासाहेबांच्या घरच्या बायकांकडे किती खेटे घातले ते मला ठाऊक आहे. बुवांना नुसतं गाता येतं.

पहिल्या दिवशी सरदार कचरतो त्या जागी बुवा राणीच्या आवाजात म्हणाले, "भित्र्याच्या नावाचं कुंकू लावून मी या वाड्यात राहणार नाही."

पुढच्या पदाला माझी सम चुकली. हे वाक्य मी बारा वर्षांपूर्वी ऐकलं होतं. कोकणातून पुण्याला येताना बुवांनी अर्ध्या घाटात बसकण मारली. पुण्यात आपल्याला कोण विचारतंय, परत जाऊ, म्हणाले. तेव्हा मथुराबाई हेच बोलल्या होत्या. फक्त 'या वाड्यात'च्या जागी 'त्या गावात' होतं.

श्रोते पेटले. बायकांनी राणीच्या नावाने कडाकडा बोटं मोडली. मथुराबाई त्यांच्यातच बसल्या होत्या. शेजारणीने त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनीही मोडली.

आप्पासाहेब खूश होते. उद्या तिला अशी मारा, की पेठेतली एकही बाई वर्षभर नवऱ्यापुढे तोंड उघडणार नाही, असं त्यांनी बजावलं. बुवा हसले. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. रचताना जे आठवेल ते घालायचं आणि कुठून आणलं ते विसरायचं, ही आमच्या धंद्याची खोड आहे.

मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. ती मी रोज बुवांच्या घरून नेतो. दुसऱ्या दिवशी बुवा पूजेला बसले होते. मथुराबाईंनी कणकेचा गोळा माझ्यापुढे ठेवला.

"दत्तोबा, त्या सरदाराला गादी नको होती का?"

हवी असणारच, मी म्हणालो.

"मग त्याने ती स्वतःच्या तोंडाने का नाही मागितली?"

आतली घंटा थांबली. बराच वेळ ती पुन्हा वाजली नाही.

त्या संध्याकाळी राणीच्या मरणापाशी येऊन बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"काल राणीच्या तोंडी घातलेलं वाक्य माझ्या घरातलं आहे," ते म्हणाले. "मी मागे फिरलो होतो, तेव्हा मला ते ऐकावं लागलं. त्याच्या जोरावर मी इथे उभा आहे. हाव सरदाराचीही होती. त्याला बोलायची लाज वाटली, ती बोलली. बोटं मोडायची तर आधी माझ्या नावाने मोडा."

भर देवळात घरच्या बाईचा विषय काढला म्हणून आप्पासाहेब ताडकन उठून गेले. त्यांच्यामागे निम्मी सभा गेली. मथुराबाई पदराने डोळे पुसत बसून राहिल्या, आणि या वेळी त्यांना शेजारणीची पर्वा नव्हती.

सकाळी मी कणकेला गेलो तो केवळ सवयीने. चातुर्मास गेल्याचा निरोप आधीच आला होता.

"बारा वर्षं मी या चातुर्मासामागे होते," मथुराबाई म्हणाल्या. "यांनी तो माझ्यावरून ओवाळून टाकला." मग त्यांनी नेहमीच्या दुप्पट गोळा माझ्यापुढे ठेवला. "साताऱ्याला पुष्कळ देवळं आहेत. वाटेत कणीक मिळायची नाही."

बुवांना विचारायचं म्हणून मी आत डोकावलो. ते बोचकं खांद्याला लावून केव्हाचे उभे होते.