तांबडीचे पाय

बनुबाईची तांबडी लंगडायला लागली, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. कोंबडी लंगडली म्हणून कुणी सुतक पाळत नाही. पण पंधरवड्यात तिच्या पायांवरची खवलं उभी राहिली, बाभळीच्या सालीसारखी जाड झाली, आणि पाठोपाठ घरातल्या सातही कोंबड्यांना तेच झालं. सासूनं, हरणाबाईंनी, एकदा बघून निकाल देऊन टाकला.

"बेंदराला लालासाब सुटीवर येतोय. दुसऱ्या दिवशी समद्या कापायच्या. रोगट जित्राब दारात नगं."

लालासाहेब म्हणजे बनुबाईचा नवरा. बांगलादेशची लढाई बघून आलेला, आता पलटणीबरोबर जम्मूकडे. नवऱ्याला कोंबडीचं कालवण घालायला बनुबाईची ना नव्हती. पण तांबडी तिच्या आईनं दिली होती, शिराळ्याहून एस्टीत पदराखाली झाकून आणून. त्याच साली आई गेली. बनुबाईचं माहेर उरलं होतं ते काय ते या एका कोंबडीत.

तिनं तांबडीला टोपलीत घातलं आणि पाटणचा गुरांचा दवाखाना गाठला. कोंबडीसाठी बाई एवढी चालत आली म्हणून तिथले कंपाउंडर, तात्या, आधी हसले. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पाय नीट बघितले.

"किडा हाय पोरी. खवल्याखाली ऱ्हातो, डोळ्याला दिसत न्हाई. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजव, जुन्या बुरशानं हळू घास. खवलं उचकटू नगंस, रगत येतंय. नुसतं राकेलबी लावू नगंस, भाजतंय. वरनं व्हॅसलीन चोपड, म्हंजे किडा गुदमरून मरतोय. आठवड्याला एकदा, समद्यास्नी. आन् सांजच्याला बसत्यात ते लाकूड आदी बदल. फटीत किडा दडतोय."

लाकूड बदलणं तेवढं सोपं नव्हतं. कोंबड्या बसायच्या ते लाकूड म्हणजे सरदाराचं जू. सरदार हा सासऱ्यांचा लाडका बैल. सासरे गेले, वर्षाच्या आत बैल गेला, मागं राहिलं ते जू. हरणाबाईंनी ते गोठ्यात दोन मेढींवर आडवं बांधून ठेवलं होतं. दर बेंदराला, बैलांच्या सणाला, त्याला हळदकुंकू लावायच्या, पुरणपोळीचा निवद दाखवायच्या आणि पदरानं डोळे पुसायच्या. त्या जुवात किडा आहे, हे सासूला सांगायचं? वाघाला कोण म्हणतं, तुझं तोंड घाण?

तेवढी एक गोष्ट बनुबाईनं गिळून टाकली आणि बाकी सगळं केलं. व्हॅसलीनचा डबा घरात होता. लालासाहेबानं पलटणीच्या कँटीनमधून तिच्यासाठीच आणला होता, कारण उसाच्या सरीत उभं राहून तिच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. दोन आठवडे तिनं पाय धुतले, चोपडले. खवलं मऊ पडली, बनुबाई हरखली. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा जैसे थे, आणि तांबडी तर एका पायावर उभी. होणारच की. सकाळी पाय धुवायचे आणि सांजेला त्याच लाकडावर चढू द्यायचं, म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

बेंदूर दहा दिवसांवर आला तसा तिचा धीर सुटला. सकाळी हरणाबाई जोंधळे पाखडत होत्या, तिथं जाऊन ती उभी राहिली.

"आत्ती, किडा जुवात हाय."

सूप हातातच थांबलं. "काय म्हनलीस? माझ्या धन्याच्या जुवाला किडा?"

"तात्यांनी कवाच सांगितलंतं. म्या भ्याले, गप बसले." बनुबाईला रडू फुटलं. "तुमच्याकडं धन्याचं जू तरी हाय. माझ्या आईचं माझ्याकडं ही कोंबडीच हाय वो. दुसरं काय न्हाई."

हरणाबाई ताडकन उठल्या आणि गोठ्यात गेल्या. आता विळी येणार, असं बनुबाईला वाटलं. आतून हाक आली, "बने, हिकडं ये!"

दर बेंदराला हरणाबाई जुवाची समोरची बाजू पुसायच्या आणि कुंकू लावायच्या. आज पहिल्यांदा त्यांनी वरून हात फिरवला होता. वर कोंबड्यांची बोटभर जाड शीट वाळून बसली होती.

"पाच वर्सं! पाच वर्सं ह्या सटव्यांनी धन्याच्या जुवावर घाण केली, आन् म्या खालनं कुक्कू लावतीया!" त्यांनी कोंबड्यांना आणखी चार शिव्या हासडल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. हसता हसता डोळेही भरले. "पानी तापव. चांगलं उकळतं."

दोघींनी जू अंगणात आणलं. उकळत्या पाण्यानं धुतलं, फटी घासल्या, उन्हात वाळवलं, करंजाचं तेल पाजलं. हरणाबाईंनी ते सोप्यात खुंट्यांवर चढवलं, लालासाहेबाच्या वर्दीतल्या फोटोशेजारी. गोठाही झाडून घेतला आणि कोंबड्यांसाठी नवा बांबू बांधला.

बेंदराला लालासाहेब आला. पुरणपोळी खाऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "आये, कोंबडी कवा?"

"जिभेला आवर. उद्या बाजारातनं मासं आण. माझ्या कोंबड्या दवाखान्यात हायत."

दुसऱ्या दिवशी पाय चोपडायची पाळी होती. हरणाबाईंनी एकेक कोंबडी मांडीवर धरली, बनुबाईनं व्हॅसलीन लावलं. तांबडीच्या पायांवरची खवलं बसायला लागली होती. सुटल्याबरोबर ती दोन्ही पायांनी उकिरडा उकरायला पळाली. डब्याच्या तळाला थोडं व्हॅसलीन उरलं. हरणाबाईंनी ते बोटानं खरवडून घेतलं.

"पाय फुडं कर."

"आवं आत्ती, माझं पाय? मला पाप लागंल."

"लागलं तर मला लागंल. सात झाल्या, आठवी ऱ्हायली."

बनुबाईनं लाजत पाय पुढं केला. आई गेल्यापासून तिच्या पायाला कुणी असा हात लावला नव्हता.