बाकी सगळे येऊ द्या

बळीराम ठोसरकडे चार वाजेपर्यंत वेळ होता. चार वाजता इंदूरच्या कंपनीचा फोन येणार होता. मालकीण सुमेधा मॅडम त्यांना हो म्हणाल्या, तर सिविल लाइंसच्या या बियाणे ऑफिसातला स्विच, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या दुकानांना इंटरनेट वाटणारी पेटी, इंदूरची माणसं सांभाळणार आणि बळीराम जाणार गोदामात.

काम तसं लहान होतं. नव्या इंटरनेटवाल्याकडून नको असलेले हजारो रूट, म्हणजे कुठे कसं जायचं त्या वाटा, स्विचमध्ये येऊन साचायचे. स्विच भरला की तो हातपाय गाळायचा. प्रत्येक रूटवर एका नंबराचा शिक्का असतो. कोणता शिक्का आत घ्यायचा आणि कोणता दारातून परत पाठवायचा, त्याची यादी लिहून द्यायची. तिला कम्युनिटी लिस्ट म्हणतात.

याद्या बळीरामने घरी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्याची बायको कुंदा हळदीकुंकवाला यादी करायची, पण जिच्याशी बिनसलं तिचंच नाव लिहायची. "बाकीच्यांची कशाला लिहू? त्या येतातच," म्हणायची. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. बळीरामच्या डोक्यात यादी म्हणजे तीच.

त्याने नको असलेले तीन शिक्के लिहिले, पुढे मनाई टाकली आणि यादी लागू केली. स्विच हलका झाला. जरा जास्तच हलका झाला.

पहिला फोन सिहोऱ्याच्या दुकानातून राधाबाईंचा.

"बळीरामभैया, काय करून राहिले? इथं सगळं बंद. दहा गिऱ्हाईकं तोंड बघून राहिली माझं."

"पाच मिनिटं, बाई."

"पाच मिनिटात मी काय नाच करून दाखवू?"

मग कमानिया गेटच्या दुकानातून विष्णूचा फोन. मग सुमेधा मॅडम स्वतःच दारात.

"काका, काहून बंद पडलं?"

बळीरामने यादी पुन्हा वाचली. तीन ओळी, तिन्ही बरोबर. मग त्याच्या ध्यानात आलं. स्विचचा हिशेब कुंदाच्या उलट होता. ज्याचं नाव यादीत नाही, त्यालाही तो बाहेरच ठेवतो. सिहोरा, कमानिया गेट, सगळे दाराबाहेर उभे होते. त्याने शेवटी चौथी ओळ घातली, बाकी सगळे येऊ द्या, आणि स्विचला यादी पुन्हा वाचायला लावली.

"आलं," विष्णू फोनवर म्हणाला. राधाबाईंचा पुन्हा फोन आला नाही, म्हणजे तिथंही आलंच. नको असलेले रूट मात्र बाहेरच राहिले.

चारला सात मिनिटं कमी होती. बळीरामने कामाचं रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: 'यादीची शेवटची ओळ राहिली. चूक माझी. बारा मिनिटं सगळं बंद.'

सुमेधा मॅडमनी खांद्यावरून वाचलं. मागची पानं उलटली. वर्षभर इंटरनेट बंद पडलं की बळीरामच्या आधीचा माणूस एकच कारण लिहायचा, वीज गेली.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "वीज नाही गेली काय?"

"वीज होती, मॅडम."

फोन वाजला. सुमेधा मॅडमनी तिथंच उचलला.

"हाँ जी. नहीं, ज़रूरत नहीं है. हमारे यहाँ आदमी है." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्या बळीरामकडे बघत म्हणाल्या, "गलती करते हैं जी. लेकिन बता देते हैं."

बळीरामने खुर्ची पुढे ओढली आणि कमानिया गेटचे रूट एकदा तपासायला घेतले.