वरचा पट्टा

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘घासूबाई’ म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं. तिचं काम कायनेज नावाच्या प्रथिनावर. पेशीच्या आत ‘आता वाढ’, ‘आता थांब’ असे निरोप पुढे पोचवणारं हे प्रथिन. ते बिघडलं की पेशी मोकाट सुटते. ते शुद्ध करायचं आणि चालू स्थितीत ठेवायचं, एवढंच तिला साधायचं होतं. पण तपासणीच्या जेलवर, म्हणजे प्रथिनं वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागून दाखवणाऱ्या पातळ थरावर, दर वेळी कायनेजच्या पट्ट्याच्या वर आणखी एक जाडजूड पट्टा उमटे, न बोलावता पंगतीत बसलेल्या पाहुण्यासारखा. तो घालवायला ही नमुना मिठाच्या पाण्याने धुवायची, परत धुवायची. पट्टा जायचा, पण कायनेजही राम म्हणायचं. नळीच्या तळाशी नुसता पांढरा गाळ.

“तिकडे दिवसभर धुणं आणि घरच्या दोन कपबश्या मात्र तुला जड!” आई म्हणायची.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना मात्र आता हसू येत नव्हतं. “शुक्रवारी चालू प्रथिन दाखव,” त्या म्हणाल्या. “नाहीतर हा प्रकल्प मी बंद करतेय. दोन वर्षं झाली गं.”

एकच नळी उरली होती, तीही न धुतलेली. धुवायला घेतली आणि एकाएकी तिचं डोकं फिरलं. जळो मेलं ते धुणं! तिने नळी तशीच नेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवणाऱ्या काकांच्या हातात ठेवली.

“घाणेरडा नमुना आहे हा,” काका कुरकुरले.

“असू दे. जे आहे ते दाखवा.”

काकांनी हजारो अंधूक चित्रं एकावर एक रचली, तसा पडद्यावर हळूहळू आकार उभा राहिला. ती बघतच राहिली. वरचा पट्टा म्हणजे मळ नव्हताच. दोन मोठी प्रथिनं एकमेकांना बिलगून उभी होती आणि त्यांच्यामधल्या पोकळीत तिचं कायनेज होतं. अर्धं या बाजूला, अर्धं त्या बाजूला, मधला धागा सरळ ताणलेला. एका छोट्या तिसऱ्या प्रथिनाने त्याचं एक टोक सावरलं होतं.

“शॅपरोन,” ती पुटपुटली. प्रथिनाची घडी बसवायला मदत करणाऱ्या या सोबतिणी तिला पाठ होत्या. पण काम झालं की त्या निघून जातात, मागे राहिल्या तर तो मळ, असंच ती धरून चालली होती. इथे तर त्यांनी कायनेजला धरून ठेवलं होतं म्हणूनच ते जिवंत होतं. आपण दर वेळी त्यांचे हात सोडवत होतो!

शुक्रवारी मॅडमसमोर तिने उरलेल्या थेंबात कायनेजच्या कामाने उजळणारं रसायन आणि पेशीचं इंधन घातलं; सोबतिणींनाही हात सोडायला तेच इंधन लागतं. कायनेज सुटून कामाला लागलं तरच नळी उजळणार होती. बराच वेळ काळोखच. मग फिकट हिरवा उजेड आला, वाढला, आणि टिकला. सोबतिणींनी हात सोडले होते, आणि कायनेज कोसळलं नव्हतं.

“आता सोडायचं, हे यांना कुणी सांगितलं गं?” मॅडमचा आवाज अगदी खाली आला होता.

“कुणीच नाही, मॅडम.” तिचे डोळे वाहत होते आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती.

मॅडमनी स्टूल ओढलं आणि तिच्याशेजारी बसल्या. बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.