उपवासाची पुडी

क्षमाला कुठलीही वस्तू उलटी करून वाचायची सवय होती. बिस्किटाचा पुडा असो, टूथपेस्ट असो की दुर्वाच्या खोकल्याचं औषध, आधी मागची बारीक अक्षरं, मग पुढचं चित्र. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली आणि आठ वर्षांच्या मुलीची आई असलेली बाई दुसरं काय करणार, असं तिचं म्हणणं. तिच्या नवऱ्याचं, गौतमचं, म्हणणं वेगळं होतं. "हिनं आमची लग्नपत्रिकासुद्धा आधी मागून वाचली," तो बँकेतल्या मित्रांना सांगायचा. "छापखान्याचा नंबर हिला पाठ होता, मुहूर्त मला विचारत होती."

त्या बुधवारी मात्र डबी क्षमाच्या आधी सासूबाईंच्या हाती लागली.

संकष्टी होती. सत्यभामाबाई नेहमीप्रमाणे नातीला शाळेतून आणायला गेल्या. जबलपूरच्या चेरीताल भागातल्या त्यांच्या घरापासून शाळा दहा मिनिटांवर. गेटसमोर नवीन निळी छत्री लागली होती आणि छत्रीखालच्या मुलीनं हसून त्यांच्या हातावर एक चपटी गोल डबी ठेवली. "फ्री सॅम्पल है, आंटीजी. माउथ फ्रेशनर." झाकणावर पुदिन्याचं पान आणि खाली हिंदीत तीन ओळी: तंबाखू नाही, धूर नाही, डाग नाही. घरी येऊन साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर तोंड चिकट झालं, म्हणून बाईंनी डबी उघडली. आत चहाच्या पिशवीची बाळं असावीत तशा पांढऱ्या पुड्या. एक त्यांनी गालात धरली आणि चांगली चावली.

पाव तासात घर त्यांच्याभोवती फिरायला लागलं. घाम फुटला, उलटी झाली. क्षमानं रक्तदाब मोजला, साखर मोजली, देवाचं नाव घेतलं आणि त्यांना आणि दुर्वाला रिक्षात घालून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? "साबुदाणा," बाई म्हणाल्या. "आणि ती पुडी."

क्षमानं पर्समधून डबी काढली आणि उलटी केली. किमतीच्या चिकटपट्टीखाली, नखानं खरवडल्यावर, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: निकोटिन, प्रत्येक पुडीत सहा मिलिग्रॅम.

"सवय असलेल्या माणसाला काही वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. "यांना दोन तासांत बरं वाटेल. लेकरानं खाल्लं असतं, तर मात्र सरळ हॉस्पिटलात पाठवलं असतं."

तेवढ्यात दुर्वा म्हणाली, "मी मागितली होती, मम्मी. आजी म्हणाली, उपवासाची आहे, तुला नाही."

क्षमानं डबी पर्समध्ये टाकून चेन लावली आणि दुर्वाला जवळ ओढलं. संध्याकाळपर्यंत सासूबाई उठून बसल्या, त्यांना चहाही गोड लागला, पण क्षमाचा हात दुर्वाच्या पाठीवरून हलेना. बाईंना वेगळीच काळजी लागली होती. "क्षमा, माझा उपवास मोडला का गं? पुन्हा धरावा लागंल का?"

"आई, तुमचा जीव वाचला ते बघा."

"जीवाचं देव पाहून घेईल. तू मोडला की नाही ते सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षमा ती डबी घेऊन शाळेच्या प्रिन्सिपल मॅडमपुढे उभी राहिली. मॅडम वाईट बाई नव्हत्या, थकलेल्या होत्या. "अरे क्षमा जी, आप गलत समझ रही हैं," त्या म्हणाल्या. "वो तो सिगरेट छुड़वाने वाले लोग हैं." स्टॉल एका निरामय श्वास फाउंडेशनचा होता. फाउंडेशन शाळेला दोन स्मार्ट बोर्ड देणार होतं आणि व्यसनमुक्तीचा नवा नियमही त्यांनीच लिहून दिला होता, फुकट. शनिवारच्या पालकसभेत तो मंजूर झाला की स्टॉल वर्षभर राहणार. क्षमा तिसरीच्या पालकांची प्रतिनिधी, म्हणून तिला एक प्रत मिळाली.

घरी येऊन तिनं ती शेवटच्या पानापासून वाचायला घेतली.

शाळेचा जुना नियम दोन ओळींचा होता: आवारात आणि गेटपासून शंभर यार्डांत तंबाखू किंवा नशेची कुठलीही वस्तू नको. नवा नियम चार पानांचा, फुलाफुलांच्या चौकटीतला. पण त्यात बंदी होती ती फक्त 'धुआँ छोड़ने वाले पदार्थों'वर. धूर निघाला तर गुन्हा, नाही निघाला तर काही नाही. निकोटिन हा शब्द चार पानांत कुठेही नव्हता. आणि शेवटच्या पानावर एक कलम असं, की हा नियम पालकांनी स्वीकारलेला नमुना म्हणून सरकारपुढे ठेवायला शाळेची संमती आहे.

मग तिनं फाउंडेशनचा वार्षिक अहवाल शोधून काढला. हसऱ्या मुलांची चाळीस पानं आणि अगदी शेवटी देणगीदाराचं नाव. ती कंपनी सिगारेटी बनवत होती. तिच्याच पैशावर फाउंडेशन तीन वर्षं सरकारला पत्रं लिहीत होतं, की ई-सिगारेटवरची बंदी उठवा, बंदीऐवजी नियम करा, आणि नियमात दोष धुराला द्या, निकोटिनला नको.

गौतमनं जेवता जेवता ऐकलं. "काहून डोकं खपवून राहिली तू? दोन बोर्ड फुकट देऊन राहिले ना ते?"

"बोर्ड आपल्याला देतायत आणि आपली सही घेऊन जातायत. उद्या दिल्लीत कुणाच्या टेबलावर हा कागद ठेवतील आणि सांगतील, बघा, जबलपूरच्या आयांनीच मान्य केलंय. धूर नसला की झालं."

गौतमनं हात धुतले, चष्मा लावला आणि कागद वाचला. कर्जाचे करार वाचणारा माणूस तो. "मेख व्याख्येत मारली आहे," तो जरा वेळानं म्हणाला. "हुशार लोक आहेत. शनिवारी माझी बँक चालू आहे, नाही तं आलो असतो. बोलशील तू?"

खरी पंचाईत तीच होती. चार माणसांत उभं राहिलं की क्षमाची हिंदी घशातच आटायची. तिनं तीन पानं लिहून काढली, देवघरासमोर उभं राहून दोनदा वाचली, आणि दोन्हीदा दुसऱ्याच परिच्छेदात हरवली.

शनिवारी अकरा वाजता शाळेचा हॉल भरला. दुर्वा बरोबर होतीच, सासूबाईही हट्टानं सोबत आल्या होत्या. "मला त्या माणसाला एक विचारायचं आहे," असं त्या रिक्षात दोनदा म्हणाल्या. क्षमानं हात जोडले. "आई, आज नको. आज माझं काम मोठं आहे."

"माझं काय लहान आहे?"

फाउंडेशनचा माणूस अभिराम. पस्तिशीचा, हसरा, बाह्या दुमडलेल्या. हिंदी अशी, की ऐकत राहावी. पडद्यावर काळी फुप्फुसं आली, गुलाबी फुप्फुसं आली, आणि धूर हा मुलांचा शत्रू आहे हे सगळ्यांना पटलं. प्रश्न विचारा म्हटल्यावर क्षमा उभी राहिली. पहिला प्रश्न तिनं कागदावरून वाचला.

"इसमें निकोटिन शब्द कहीं क्यों नहीं है?"

"बहुत अच्छा सवाल, दीदी." अभिराम मनापासून खूश झाल्यासारखा दिसला. "निकोटिन तो टमाटर में भी होता है. बैंगन में भी. अब भर्ता भी बंद करवा दें?"

हॉल हसला. क्षमानं दुसरा परिच्छेद शोधला, तिसरं पान वर आलं, आणि मागून कुणी म्हणालं, "चलो मैडम, वोटिंग कराइए, दुकान खोलनी है." ती बसली. प्रिन्सिपल मॅडमनी पेन उघडलं.

आणि सत्यभामाबाई उठल्या. त्यांना माइक लागत नव्हता. "ओ बेटा, ऐकून घे जरा."

मराठी ऐकली आणि अभिरामचा चेहराच बदलला. "काकू, तुम्ही आपल्याकडच्या? मी नागपूरचा, धरमपेठेतला." माइक खाली धरून तो पायऱ्या उतरला आणि घरी आलेल्या भाच्यासारखा त्यांच्यापुढे वाकला. हॉलमधल्या बहुतेकांना शब्द कळत नव्हते. म्हातारीची विचारपूस चालली आहे एवढं दिसत होतं आणि लोक कौतुकानं बघत होते.

"मी चतुर्थीला तुझी पुडी खाल्ली. माझा उपवास मोडला का?"

"छे हो काकू. उपवासाला बिनधास्त चालते. खायचीच वस्तू आहे, पण धान्य नाही, मीठ नाही. बडीशेप समजा ना."

"मग मला गरगरून काहून आलं? उलटी झाली, डॉक्टर करावा लागला."

"पहिल्यांदा घेतली ना, म्हणून." तो आवाज आणखी खाली आणून हसला. "चार दिवस घ्या, सवय होते. मग पाहा, तुम्हीच मागाल. सोडा म्हटलं तरी सुटणार नाही."

"असं का," बाई म्हणाल्या आणि सुनेकडे पाहिलं.

मागून आवाज आला, "हिंदी में बताओ भैया, क्या बात हुई?" अभिराम सरळ झाला, माइक वर घेतला. "कुछ नहीं जी, माताजी व्रत के बारे में पूछ रही थीं."

"मैं बताती हूँ," क्षमा म्हणाली.

ती कधी उभी राहिली तिला कळलं नाही. हातात कागद नव्हता. सासूबाईंचं एक वाक्य, अभिरामचं एक वाक्य, असं तिनं सगळं हिंदीत सांगितलं, काही गाळलं नाही, काही घातलं नाही. शब्द दुसऱ्याचे होते म्हणून की काय, आवाज कापला नाही. "चार दिन लीजिए, आदत पड़ जाएगी. फिर आप ही माँगेंगी. छोड़ना चाहें तो भी नहीं छूटेगी," हे तिनं सांगितलं तेव्हा दुकानाची घाई असलेला माणूस खुर्चीत पुढे सरकून बसला. सासूबाईंच्या मागच्याच खुर्चीत रुचिरा भोसले बसली होती, पाचवीतल्या मुलाची आई. ती उठली. "बरोबर सांगून राहिली ती," म्हणाली, आणि मग सगळ्यांसाठी, "मैं भी मराठी हूँ. यही बोले हैं ये."

"मज़ाक था," अभिराम म्हणाला. "घर की भाषा में आदमी मज़ाक करता है."

"ठीक है," क्षमा म्हणाली. "उपवासाचं मज़ाक में नहीं था न? आपने कहा खाने की चीज़ है." ती अर्धी मराठीत बोलली हे तिच्या लक्षातही आलं नाही. "खाने की चीज़ में निकोटिन डालना पूरे देश में मना है. खाद्य सुरक्षा का नियम है, टमाटर वाले को भी मालूम होगा."

आता हॉल दुसऱ्या बाजूनं हसला.

"टेक्निकली खाने की नहीं," अभिराम म्हणाला.

"तो दवा है? फिर दवा की दुकान में रखिए. स्कूल के गेट पर छतरी के नीचे कौन-सी दवा बँटती है?"

"दवा नहीं है, दीदी."

"तो तंबाकू है. फिर सौ गज दूर."

"तंबाकू तो बिल्कुल नहीं है."

पुढच्या रांगेत एक गृहस्थ होते, खमरियाच्या आयुध कारखान्यातून रात्रपाळी करून थेट आलेले, अजून गणवेशातच. ते शांतपणे म्हणाले, "भैया, हमारे यहाँ बारूद का डिब्बा भी बिना नाम के नहीं रखा जाता. ये है क्या, इतना तो बता दो."

अभिरामनं पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर गुलाबी फुप्फुसं होती.

क्षमानं फाउंडेशनच्या अहवालाचं शेवटचं पान काढलं आणि प्रिन्सिपल मॅडमपुढे ठेवलं. मॅडमनी देणगीदाराचं नाव वाचलं, परत वाचलं. मग नियमाची प्रत ओढून घेतली. "बोलिए क्षमा जी, क्या लिखना है?"

"'धुआँ' काटिए. लिखिए, तंबाकू या निकोटिन, किसी भी रूप में, किसी भी नाम से. और आखिरी पन्ना निकाल दीजिए."

मॅडमनी लाल पेनानं फुलाफुलांच्या चौकटीतून आडवी रेघ मारली, शेवटचं पान टाचणीतून सोडवलं आणि विचारलं, कोण कोण मान्य? हात मोजायची वेळ आली नाही. पहिला हात खमरियावाल्यांचा होता, शेवटचा सत्यभामाबाईंचा. त्या पालक नव्हत्या, पण त्यांना खाली करायला सांगणारं कुणी निघालं नाही. स्मार्ट बोर्डांचं काय, असं एकानं विचारलं. "हमने चॉक-खड़िया से पढ़ा है, साहब, और पढ़ गए," मॅडम म्हणाल्या. त्यांची थकलेली मान क्षमाला पहिल्यांदाच ताठ दिसली.

सभा सुटली तेव्हा निळी छत्री मिटून टेम्पोत चढत होती. छत्रीखालची मुलगी डब्यांची खोकी उचलत होती. तिच्याकडे पाहून क्षमाला वाईट वाटलं, आणि वाईट वाटूनही बरं वाटलंच. दुर्वाचा हात धरून ती त्या मोकळ्या जागेवरून चालत गेली. पाय जमिनीला लागत नव्हते.

त्याच संध्याकाळी तिनं नवा नियम, सभेचं इतिवृत्त आणि पालकांच्या सह्या अशी जाडजूड फाइल केली. फाउंडेशन जिथे आपला नमुना पाठवणार होतं, त्याच सरकारी पत्त्यावर. वर एक पत्र: जबलपूरच्या पालकांनी काय मान्य केलं, ते आमच्याकडूनच ऐका. गौतमनं ते एकदा वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि सोमवारी स्वतः पोस्टात रजिस्टर करून आला.

बुधवारी फोन वाजला. शहरातल्याच दीक्षितपुऱ्यातल्या शाळेची कुणी सुखदा नावाची आई होती, नंबर तिला रुचिरानं दिला होता. त्यांच्या गेटवर तीच निळी छत्री काल लागली होती, तोच चार पानांचा नियम आला होता, सभा येत्या शनिवारी. "तुमचा कागद पाठवता का?" तिनं विचारलं. "म्हणजे मी वाचून दाखवीन. पण मला ना, लोकांत बोलायला फार भीती वाटते."

"कागद पाठवते," क्षमा म्हणाली. "आणि मी पण येते. तुम्ही फक्त पहिला प्रश्न विचारा, पुढचं माझ्याकडे."

गौतमनं वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "कुठे चालली?"

"दीक्षितपुरा. शनिवारी. या शनिवारी तुझी बँक बंद आहे ना, दुर्वा तुझ्याकडे राहील."

"अच्छा," तो म्हणाला. "आणि आई?"

आतल्या खोलीतून आईंनी ओरडून सांगितलं, की त्यांची हिरवी साडी इस्त्रीला द्या.