शेपूट नको

सिपोरा झिराडकर लग्न करून अलिबागहून देऊळघाटात आली तेव्हा गावाने तिला दोनच प्रश्न विचारले. ज्यू म्हणजे नेमके कोणातले, आणि समुद्र खरंच खारट असतो का. दुसऱ्याचं उत्तर लोकांना पटलं.

आता तिचा नव्याचा सण आला होता. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं वर्ष त्या दिवशी सुरू होतं, आणि यंदा ते नेमकं घट बसले त्याच संध्याकाळी सुरू होणार होतं. "पुढच्या वर्षी करू," नवरा शिवम म्हणाला. सिपोराने त्याच्याकडे असं पाहिलं की तो ताबडतोब खजूर आणायला बुलढाण्याला निघून गेला. तिला स्पष्ट दिसत होतं, आज झाला नाही तर हा सण या घरात कधीच होणार नाही. पहिल्या वर्षी जे होत नाही, त्याला सासरी 'आपल्यात नसते' असं म्हणतात.

ताट मांडताना तिने सासूला एकेक वस्तू समजावली. सफरचंद मधात बुडवायचं, वर्ष गोड जावं म्हणून. डाळिंब, दाण्यांएवढी पुण्यं पदरात पडावीत म्हणून. भोपळा चिरायचा, आपल्याविरुद्ध वर काही लिहिलं असेल तर तेही फाटावं म्हणून. आणि शिवम आणेल तो खजूर, वैरी संपावेत म्हणून.

गीताबाईंचा नऊ दिवसांचा उपास होता. त्यांनी ताटावरून नजर फिरवली. "माय वं! हा तं सगळा उपासाचाच सण हाय. लय शहाने लोक हायेत तुमचे."

"अजून डोकं राहिलंय."

"कोनाचं?"

"माशाचं, नाहीतर बोकडाचं. एक घास खायचा आणि देवाला म्हणायचं, आम्हाला डोकं कर, शेपूट नको."

गीताबाईंनी घटाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मागनं चांगलं हाय. पन घरात घट बसले, बोकड कसं आनतं?"

सासरे उकंडराव भाजीपाला पिकवायचे. त्यांनी मळ्यातून कोबीचा गड्डा आणून ठेवला. "हे घे. डोकंच हाय."

"याला डोळे नाहीत, बाबा."

ते परत गेले आणि देठासकट वांगं घेऊन आले. "याले टोपी तं हाय."

शेवटी तोडगा सिपोरालाच सुचला. गव्हाचा चीक नारळाच्या दुधात आटवून सणाचा हलवा करतात, त्यासाठी माहेरून पोतंभर नारळ आले होते. त्यातला एक तिने शेंडीसकट ताटात उभा केला. डोळे होते, केस होते, कवटी होती. घटावरही असाच एक बसला होता, त्यामुळे हरकत घ्यायला कोणाला जागाच नव्हती.

ती जागा वच्छलाबाईंनी काढली. उकंडरावांची ही थोरली बहीण समोरच्या घरात राहायची आणि या घरातले निकाल द्यायची.

"काय मांडून राह्यली वं?"

"नवीन वर्ष, आत्याबाई."

"पाडवा झाला न चैतात."

"तो तुमचा झाला."

तेवढ्यात शिवम खजूर घेऊन आला. वच्छलाबाईंनी त्यातला एक उचलला. "हे कायले?"

"वैरी संपावेत म्हणून."

त्यांनी तो परत ठेवला. मग डोक्याची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि खुर्ची ओढून बसल्या. "खाचं हाय म्हनजे फोडा लागन. बाईनं नारळ फोडू नाही. अन या घरातला एकबी मानूस तो फोडनार नाही. काय रे उकंड्या?"

उकंडराव साठी ओलांडलेले, आता सासरे झालेले. पण 'उकंड्या' म्हटलं की ते थेट प्राथमिक शाळेत जायचे. "मोटर बंद करा लागते," म्हणत ते विहिरीकडे गेले. मध आणायचा राहिला, असं म्हणून शिवमही निघाला. मध त्याच्यासमोर ताटात होता.

बाहेर सूर्य मावळत होता. सण दाराशी आला होता.

सिपोराने वरवंटा उचलला. अलिबागेत नारळ फोडायला पुरुषाची वाट पाहिली असती, तर सगळा तालुका भुकेने गेला असता. "माझी आई रोज फोडते, आत्याबाई. आजी फोडायची, तिची आजी फोडायची."

"म्हनूनच तुमच्याइथं समुद्र घुसून राह्यला."

"घुसू दे. मासे घेऊन येईल."

एका घावात दोन वाट्या झाल्या. सिपोराने खोबऱ्याचा तुकडा काढला, "आम्हाला डोकं कर, शेपूट नको," म्हणाली आणि वच्छलाबाईंच्या डोळ्यांत डोळे घालून चावून चावून खाल्ला. दुसरा तुकडा सासूपुढे धरला.

गीताबाई लग्न होऊन आल्यापासून नणंदेच्या मागे चालत होत्या, देवळात, बाजारात, हळदीकुंकवाला. त्यांनी एकदा नणंदेकडे पाहिलं, एकदा खोबऱ्याकडे.

"आमाले डोकं कर," त्या म्हणाल्या. "शेपूट लय झालं."

वच्छलाबाई ताडकन उठल्या. "उद्या साऱ्या गावाले सांगीन, उकंड्याची सून नारळ फोडते म्हनून!"

"अर्धंच काऊन सांगता, अक्का?"

गीताबाईंनी पोत्यातून एक नारळ ओढला आणि पदर खोचून फतकल मारून बसल्या. जन्मात कधी फोडला नव्हता. पहिला घाव फरशीवर बसला. दुसऱ्याने नारळ गडगडत खुर्चीखाली गेला. सिपोरा पुढे झाली.

"हात नोको लावू."

त्यांनी तो ओढून काढला, गुडघ्यात दाबला आणि दात ओठ खाऊन वरवंटा हाणला. नारळ फुटला. पाणी थेट वच्छलाबाईंच्या नव्या लुगड्यावर उडालं.

"सासूबी फोडते म्हना," गीताबाई म्हणाल्या आणि पोत्यात पुन्हा हात घातला.