लेतूबाईच्या हातचा तुंबा

मित्रांनो, मला पाहून कुणी भोपळा म्हणतं, कुणी पळी म्हणतं. दोघांचंही खरं आहे. मी एक जुना तुंबा आहे. झरी गावाच्या पलीकडे, सागाच्या जंगलात, कोलाम आदिवासींचा एक पोड आहे. पोड म्हणजे चार घरांची वस्ती. तिथल्या लेतूबाईच्या कुडावर माझा वेल चढला होता. तिनं मला वाळवलं, पोटाला भोक पाडून गर काढला आणि माझी लांब मान मुठीत धरून म्हणाली, "हा वाढाले बरा."

माझ्या जातीचा भोपळा कीर्तनकाराच्या वीणेला लागतो. माझ्या वाट्याला मोहाची दारू आली. देवानं कुणाला कुठं नेमावं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

पोडात दारू रोजची नव्हती. भीमदेवाची पूजा असो की लग्न, तेव्हाच मडकं बाहेर निघे. पहिली धार मातीला. मग सगळे रांगेत बसून पळसपानांचे द्रोण पुढं धरत आणि लेतूबाई माझ्यातून एकेकाला थोडी थोडी वाढी. आपल्या हातानं कुणी घ्यायची नाही. मधे जेवण, मधे ढोल. एखाद्याचा पाय घसरलाच, तर दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या बाया त्याला सोडत नसत. "काल तुही बायको पोतं ओढून राह्यली होती. काय भरलं होतं रे पोत्यात?"

मला वाटे, सगळं जग असंच पितं.

एकोणीसशे एकसष्टच्या हंगामात लेतूबाईचा मुलगा आयतू राळेगावला कापसाच्या जिनिंगात कामाला गेला. पाणी प्यायला त्यानं मला सोबत नेलं. तिथं मी बाजाराचा दिवस पाहिला आणि चकित झालो. कायद्यानं दारूबंदी होती, म्हणून दारू जिनामागच्या बाभळीत लपून होती. गूळ आणि नवसागर सडवून काढलेली. माणसं उभ्याउभ्या, शिपाई येईल या भीतीनं, एका दमात घशात ओतत. ना द्रोण, ना जेवण, ना कुणी वाढणारं. आठवडाभर थेंब नाही आणि त्या दिवशी शुद्ध जाईपर्यंत. तीच माणसं, तीच तहान. मग पिण्याची रीत गावागणिक अशी काहून बदलते? मला मोठं कोडं पडलं.

"काय रे आयतू, मायनं नुसता तुंबाच देल्ला, प्याले नाही शिकवलं काय?" एक हमाल हसला.

"आमच्या इथं हा भरून पेलो, तरी मी झाडावर चढतो," आयतू म्हणाला. त्यानं मला काठोकाठ भरलं आणि रिकामं केलं.

माप आईचं होतं, दारू बाजाराची होती. आयतू झाडावर चढला नाही. तो खाली बसला, मग आडवा झाला. त्याचे ओठ निळे पडले. शिपायाच्या धाकानं सोबती पळाले. जिनात कापूस निवडणारी इंदूबाई मात्र धावून आली. तिनं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. तिच्या घरात दारूचा थेंब चालत नसे. तरी तिनं आयतूला कुशीवर वळवलं आणि बैलबंडीत घालून दवाखान्यात नेलं.

"किती पिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"हा भरून," म्हणत इंदूबाईनं मला पुढं केलं.

आयतू वाचला, पण त्याचे डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, "यकृत सुजलंय. आता एक घोट घेतला, तर माझ्या हाती काही राहणार नाही."

निरोप मिळून लेतूबाई एसटीनं आली, तेव्हा डॉक्टरांनी तिला विचारलं, "बाई, तुमच्याकडं पितात, इथंही पितात. मग माझ्या खाटांवर इथलेच लोक का असतात?"

"तिकून तुमच्यापरेंत कोणी पोचते तरी काय, साहेब?" लेतूबाई म्हणाली. "पण रांगेत बसून कोणी असं निळं पडलेलं म्या पायलं नाही."

"दोन्ही गोष्टी खऱ्या असतील," डॉक्टर म्हणाले आणि विचारात पडले.

दवाखान्यामागं मारुतीच्या देवळात कीर्तन चाले. वीणेचा सूर आला की आयतूला झोप लागे. मी मात्र जागा राहून ऐके.

आम्ही पोडात परतलो आणि चैत्रात भीमदेवाची पूजा आली. पोडाची एक रीत होती. रांगेत ज्याचा द्रोण टाळला, तो पोडाबाहेर. ती शिक्षा होती.

"माय, मी जंगलात जातो. पूजेले बसत नाही," आयतू म्हणाला.

"काहून?"

"टाळशीन तर मी पोडाचा राहत नाही. वाढशीन तर मी जगत नाही."

लेतूबाई राखेनं मला घासत राहिली. मग म्हणाली, "रांगेत बस."

पूजा झाली. मातीला धार गेली. एकेकाला वाढत लेतूबाई आयतूपुढं आली आणि थांबली. परत फिरून पाण्याच्या माठाशी गेली, मला भरलं आणि त्याचा द्रोण काठोकाठ भरला. ढोल थांबला.

"लेतू, काय वाढलं?" पोडाच्या म्हाताऱ्या नाईकानं विचारलं.

"पाणी."

"देवाच्या रांगेत पाणी?"

"पाणी नदीचं, अन् नदी देवाचीच हाय, नाईकबाबा. हात माहा, तुंबा तोच. पोराले म्या टाळलं नाही."

नाईकानं आयतूच्या पिवळ्या डोळ्यांकडं पाहिलं. मग त्यानं आपला द्रोण मातीवर रिता केला आणि पुढं धरला. "मलेही तेच वाढ. खोकला हाय."

"नाईकाले आजच खोकला झाला," रांगेतून कुणीतरी म्हणालं. लोक हसले आणि ढोल पुन्हा वाजू लागला.

मित्रांनो, आता माझ्या पोटाला चीर गेली आहे. वाढायचं काम सुटलं. माझं कोडं पुरतं सुटलेलं नाही, पण एवढं मागणं मागतो. तुमच्या पंगतीत कुणी 'मला नको' म्हणालं, तर त्याला हसू नका, उठवू नका. त्याचा द्रोण भरा. पाण्यानं भरा, पण आपल्या हातानं भरा.