टपावर चढवायला दोन माणसं

मी तीनचाकी सायकल बोलतेय. पुढे एक चाक, मागे दोन, आणि पायडल हातानं फिरवायचं. सांगते सावकाशच, घाईनं सांगणं मला जमत नाही. पण उभ्या जागी माझा जीव रमत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नागपूरच्या एका कारखान्यात माझं लोखंड वाकवलं, निळा रंग मारला. मग भंडाऱ्याला अपंगांना सायकली वाटायच्या एका मांडवात मला चौदा जणींबरोबर ओळीनं उभं केलं. एक्याऐंशी साल होतं. करडी गावच्या टिकारामची मुलगी चंद्रकला तेव्हा तेरा वर्षांची. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले होते. मला तिच्या नावावर लिहिलं, आणि टेबलावरचा बाबू टिकारामला म्हणाला, "सरकारी चीज आहे. सांभाळून ठेवजो. साहेब तपासाले येतील."

बस, इथंच घोळ झाला.

टिकाराम भला माणूस. त्यानं 'सांभाळून ठेव' एवढंच ऐकलं. मला बैलगाडीत घालून घरी आणलं, धान साठवायच्या ढोलीजवळ उभं केलं आणि वरून पोती पांघरली. साहेब आले की जशी दिली तशी दाखवायची! दसऱ्याला मला धुवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, की परत पोतं. असे तीन दसरे गेले. साहेब काही आले नाहीत.

आणि चंद्रकला शाळेत जायची ती बापाच्या पाठीवर, धानाच्या बांध्यांमधून, धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधांवरून. पोरगी मोठी होत गेली, लाजायला लागली. मधेच लघवीला न्यायला बापाला बोलावणं जाऊ नये म्हणून सकाळपासून पाणी प्यायची नाही. पोत्याच्या फटीतून मला ती दोघं जाताना दिसायची. चाकं असून मी उभी. आतल्या आत नुसती चुळबुळ.

मग एका पावसाळ्यात टिकाराम ओल्या धुऱ्यावरून घसरला. दोघंही चिखलात. तिला खरचटण्यावर निभावलं, त्याची कंबर मात्र धरली. आई रत्नाबाई म्हणाली, "झाली तेवढी शाळा पुरे. आता घरीच राय, माय."

चंद्रकला हातांवर सरकत ढोलीपाशी आली आणि माझं पोतं ओढून फेकलं.

"अवो, हात नोको लावू!" टिकाराम खाटेवरून ओरडला. "मोडली तं साहेबाले काय दाखवू मी?"

"बाबा, साहेबानं गाडी मले देली का ढोलीले?"

आधी रत्नाबाईलाच हसू फुटलं.

पण मी चालण्याजोगी राहिले होते कुठं! गादी उंदरांनी कुरतडलेली, टायर उभ्याउभ्या चिरलेले, साखळी गंजून घट्ट. सायकल दुरुस्त करणारे भय्याजी आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "टिकाराम, हार घातले तितक्या खेपा तेल टाकलं असतं तं!"

तीन दिवस त्यांनी मला खोललं, ठोकलं, जोडलं.

धुऱ्यावरून मी जात नाही. बैलगाडीच्या वाटेनं लांबून जावं लागतं, आणि तलावाच्या पाळीवर चढ आहे. पहिल्या दिवशी तिथं तिचे हात थकले, मी मागे सरकायला लागले. कपडे धुणाऱ्या सुलोचनाबाईंनी हाक दिली, "लोटू का वो, चंद्रकला?"

"नोको मावशी. होते माह्याच्यानं."

आणि झालं. उतारावर तिनं हात सोडले आणि जत्रेतल्या पाळण्यात ओरडतात तशी ओरडली. तेवढा आनंद मला कुठल्याच दसऱ्यानं दिला नाही.

आता सत्त्याऐंशी साल आहे. चंद्रकला मॅट्रिक झाली, भंडाऱ्याला टायपिंग शिकते. फाट्यापर्यंत मी तिला नेते. एसटी येते, ती दांडा धरून हातांवर पायऱ्या चढते, आणि मी दिवसभर चहाच्या टपरीमागं. तिकडं स्टँडपासून क्लासपर्यंत ती हातांत रबरी चपला घालून सरकत जाते. संध्याकाळी मी त्या चपलाच पाहते. पावसाळ्यापासून ही तिसरी जोडी.

काल तिनं कंडक्टरला विचारलंच. "भाऊ, माही गाडी टपावर घ्या ना."

कंडक्टर वाईट नव्हता. त्यानं मागच्या शिडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "घेतली असती, ताई. पण इले टपावर चढवाले दोन माणसं लागतात."

"तुमच्या बसमधी चाळीस हायेत, भाऊ."

कोणी खिडकीबाहेर पाहायला लागलं, कोणी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग घंटी वाजली आणि बस गेली.

आज आम्ही परत फाट्यावर आहोत. तिनं ब्रेक करकचून ओढलाय, तरी माझं पुढचं चाक जागचं हलतंय. बस वळणावर दिसतेय. तुम्ही त्यात बसला असाल तर एवढंच ऐका. जागा जाईल ही भीती नको, सीटवर रुमाल टाका, आणि खाली उतरा. एक उतरला की दुसराही उतरेल. मी फार जड नाही.